शिष्यवृत्ती कोणाच्या हक्काची?

पावसाळा लागला की अमरावती, अकोला, अचलपूर, परतवाडा येथून मोटारींच्या रांगा चिखलदऱ्याचा घाट चढू लागतात. भीमकुंडाचा धबधबा, देवी पॉइंटवरील धुके, पंचबोलची दरी पाहावी, गाविलगडावरील जुन्या मशिदीत दोन रकअत नफ्ल अदा करावी, भाजलेले कणीस खावे आणि संध्याकाळी घरी परतावे, असा आपल्या वऱ्हाडातील कुटुंबांचा परिपाठ आहे. त्यात गैर काही नाही. अल्लाहने निर्माण केलेले डोंगर डोळे भरून पाहणे हेही कृतज्ञतेचेच एक रूप आहे. परंतु वाचकहो, ज्या महिन्यांत आपण हे धुके पाहावयास जातो, त्याच महिन्यांत त्याच डोंगरांतील कोरकू वस्त्यांवर तान्ह्या मुलांचे मृत्यू वाढतात. नाले भरून वाहतात, रस्ते तुटतात, घरातील धान्य सरत आलेले असते, आई दिवसभर शेतात राबत असते आणि न्यूमोनिया व अतिसार नेमके याच दिवसांत बळावतात. १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाचे बालमृत्यू महाराष्ट्राच्या चर्चेत आले. तेव्हापासून योजना निघाल्या, पथके आली, उच्च न्यायालयात याचिका झाल्या. बदल झाला, पण प्रश्न मिटला नाही. २०१८ ते २०२० या काळात भारतातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते आणि महाराष्ट्रात ते ३३ होते. हा आकडा अभिमान वाटावा असा आहे. मात्र सरासरीचा स्वभावच असा, की ती पुण्या-मुंबईच्या प्रकाशात चिखलदरा आणि धारणीचा अंधार मिसळून टाकते.

या लेखाचा विषय मेळघाटातील दुःखाचे वर्णन हा नाही. ते पुष्कळांनी केले आहे आणि वर्णन ऐकून डोळे पुसण्याची आपल्याला सवयही झाली आहे. मला आपल्यापुढे एक नैतिक प्रश्न ठेवावयाचा आहे. पदवी घेतलेला एखादा मुलगा वा मुलगी माता-बाल आरोग्याचे उच्च शिक्षण घेऊ इच्छिते. प्रसूतिशास्त्र, बालरोग, सार्वजनिक आरोग्य, प्रसूती-परिचर्या, आहारशास्त्र यांपैकी काहीही असो. तिला समाजाने शिष्यवृत्ती दिली, तर तो पैसा नेमका कोणाचा? देणाऱ्याच्या औदार्याचा? घेणारीच्या गुणवत्तेचा? की ज्या मातेला त्या दोघांपैकी कोणीही पाहिलेले नाही, तिच्या हक्काचा?

कुरआनात मातेचा उल्लेख केवळ आदराच्या उपदेशापुरता येत नाही, तो हक्काच्या भाषेत येतो. सूरह लुकमानमध्ये आईने दुर्बलतेवर दुर्बलता सोसून अपत्य उदरात वाहिल्याची आठवण आहे. सूरह अहकाफमध्ये गर्भ आणि दूध तुटेपर्यंतचा काळ मिळून तीस महिने सांगितला आहे. सूरह बकरामध्ये दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे, तो नसल्यास वारसावर टाकली आहे, आणि अपत्यामुळे मातेचे नुकसान होता कामा नये अशी ताकीद दिली आहे. सूरह तलाकमध्ये तर घटस्फोटित स्त्री गर्भवती असेल, तर प्रसूती होईपर्यंत तिच्यावर खर्च करण्याची आज्ञा आहे. नाते तुटले तरी पोटातील जिवापायी तिचा हक्क तुटत नाही. आजचे बालआरोग्यशास्त्र गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या १००० दिवसांना सर्वाधिक महत्त्व देते. यावरून कुरआनात आधुनिक विज्ञान सापडल्याचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. ग्रंथाचे मोठेपण अशा जुळवाजुळवीवर अवलंबून नाही. मुद्दा इतकाच की ज्या काळाला शास्त्र नाजूक म्हणते, त्याच काळाभोवती शरीअतने खर्चाचे कुंपण घातले आहे आणि ते कुंपण राखणे ही ऐच्छिक दया नाही.

येथे कोणी म्हणेल की ही जबाबदारी पित्याची आणि वारसाची आहे. चिखलदऱ्याच्या वस्तीशी आपला संबंध काय? याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या चरित्रात आहे. त्यांच्या खिलाफतीत मुलांना बैतुलमालमधून वर्षासन मिळे, परंतु ते दूध तुटल्यावर सुरू होई. मदीनेबाहेर उतरलेल्या एका काफिल्याची राखण करीत असता रात्री त्यांना एका बाळाचे रडणे ऐकू आले. त्यांनी आईला समज दिली. रडणे थांबेना. पुन्हा गेले, पुन्हा ऐकू आले. शेवटी त्या मातेने समोर कोण आहे हे न ओळखता सांगितले, की उमर दूध तुटलेल्या मुलालाच वर्षासन देतो म्हणून मी याचे दूध लवकर तोडीत आहे. त्या दिवशी फज्रच्या नमाजात त्यांच्या रडण्यामुळे लोकांना किरअत नीट ऐकू येईना, असे चरित्रकार सांगतात. आपल्या एका नियमामुळे किती मुले दगावली असतील, या विचाराने ते हादरले होते. मग दवंडी पिटविली गेली, की यापुढे प्रत्येक बाळाला जन्मापासून वर्षासन मिळेल.

हा प्रसंग आपण खलीफांच्या कोमल अंतःकरणाचा नमुना म्हणून सांगतो. तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. योजना चांगली होती, पैसा होता, हेतू शुद्ध होता. तरीही एका अटीमुळे मुलांच्या तोंडचे दूध तुटत होते. आणि हे कळले केव्हा? कोणीतरी रात्री जाऊन तीन वेळा विचारले तेव्हा. ज्याला आज सार्वजनिक आरोग्यशास्त्र म्हणतात, त्याचे मर्म हेच आहे. मृत्यू मोजावे, त्यामागचे कारण शोधावे, आणि कारण आपल्याच व्यवस्थेत सापडले तर ती बदलावी. उमर (रजि.) यांना हे त्यांच्या ईशभयाने शिकविले. आपल्याला ईशभयासोबत शिक्षणही लागते, कारण आपण प्रत्येक वस्तीबाहेर रात्री उभे राहू शकत नाही. आपल्या वतीने कोणीतरी तेथे उभे राहावे आणि बाळाच्या रडण्यामागचे कारण त्याला ओळखता यावे, याची तजवीज आपण करू शकतो.

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’च्या ज्ञानप्रकरणात वैद्यकाला फर्ज-ए-किफायामध्ये गणले आहे. म्हणजे वस्तीतील काहींनी ते पार पाडले तर सर्व मोकळे, आणि कोणीच पाडले नाही तर सारी वस्ती गुन्हेगार. पुढे त्यांनी आपल्या काळातील विद्वानांवर जी टीका केली आहे, ती आजही बोचते. कित्येक गावांत मुसलमान वैद्य नाही, लोकांना इतर धर्मीयांवर विसंबावे लागते, तरी त्या विद्येकडे कोणी फिरकत नाही. सारे फिकह आणि वादविद्येकडे धावतात, कारण तेथे काजीपद मिळते, वक्फची व्यवस्था हाती येते, मानमरातब मिळतो. स्वतः फिकहचे एवढे मोठे विद्वान असलेल्या माणसाने हे लिहावे, यातच त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे.

आता आपल्या अंगणात पाहू. अचलपूर, परतवाडा, अमरावती, अकोला येथील आपल्या घरांत सून वा लेक गर्भवती झाली की पहिली विचारणा कोणती होते? लेडी डॉक्टर आहे का? ही अपेक्षा योग्य आहे. लज्जा हा ईमानचा भाग आहे आणि स्त्रीला स्त्री वैद्य मिळावी ही तिची निकड आहे. पण ज्या घरातून ही विचारणा निघते, त्याच घरात मुलगी पदवीधर होऊन पुढे शिकू म्हणाली, तर आणखी दोन-तीन वर्षे कशाला, वसतिगृहात कशी राहील, मग स्थळ कसे मिळेल, असे प्रश्न उभे राहतात. आपल्याला लेडी डॉक्टर हवी, परंतु ती दुसऱ्या कोणाची तरी मुलगी असावी. वाचकहो, फर्ज-ए-किफायाचा अर्थ तो फर्ज कायम दुसऱ्याने करावा असा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांना सांगितले होते, की हफ्सा (रजि.) यांना जसे लिहिणे शिकविले तसा त्वचारोगावरचा उपायही शिकवावा. एका स्त्रीने दुसरीला अक्षर आणि उपचार दोन्ही द्यावेत, ही प्रेषितांच्या घरातील गोष्ट आहे. रुफैदा अस्लमिया (रजि.) यांचा जखमींसाठीचा तंबू तर मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता.

स्त्री वैद्य नसल्याची किंमत काय असते, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. राणी बंग यांनी तेथील दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा कोणता ना कोणता विकार आढळला. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांनी तोवर कोणाकडेही उपचार घेतलेले नव्हते. हे दुखणे त्या गावांत त्याआधीही होतेच. फरक इतकाच, की आता विचारणारी स्त्री होती आणि तिने शास्त्र शिकलेले होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पोटाला भाकर नसताना उच्च शिक्षणावर खर्च कशाला? एका विद्यार्थिनीच्या दोन वर्षांच्या फीमध्ये किती कुटुंबांचे धान्य येईल? मशिदीबाहेर हात पसरणारा समोर दिसतो. शिष्यवृत्तीचे फळ दहा वर्षांनी, तेही दुसऱ्याच तालुक्यात दिसायचे. शिवाय रुग्णवाहिका घेतली तर तिच्यावर नाव रंगविता येते, इमारतीवर पाटी लावता येते. कोणाच्या डोक्यात गेलेल्या विद्येवर नाव कसे कोरणार?

शेवटच्या गोष्टीचे उत्तर देण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपली नियत स्वतःच तपासावी. पहिल्या भागाचे उत्तर मात्र मेळघाटानेच दिले आहे. डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन धारणी तालुक्यातील बैरागड येथे गेले. तेथे रस्ता नव्हता, वीज नव्हती. एक रुपया, दोन रुपये शुल्क घेणारा डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती झाली आणि २०१९ साली त्यांना व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. लोक एक रुपयाची गोष्ट सांगतात, कारण ती त्यागाची आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. बैरागडला काही काळ काम केल्यावर आपली विद्या अपुरी आहे हे त्यांच्या ध्यानात आले. ते पुन्हा विद्यार्थी झाले, एम. डी. केले आणि प्रबंधाला विषय घेतला तो मेळघाटातील कुपोषणाचा. मग पुन्हा बैरागडला आले. पुढे त्यांनी शेतीत लक्ष घातले, कारण न्यूमोनियाच्या मागे कुपोषण, कुपोषणाच्या मागे दारिद्र्य आणि दारिद्र्याच्या मागे न पिकणारे शेत, ही साखळी त्यांना दिसली होती. केवळ दया असती तर ते औषधे वाटीत राहिले असते.

दुसरे उदाहरण पुन्हा गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या नवजात बाळांना घरीच कसे वाचवावे, हा त्यांचा प्रश्न होता. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकविले: बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास मंद असल्यास काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारली गेली. आज चिखलदऱ्याच्या एखाद्या वस्तीत आशा ताई जेव्हा बाळंतिणीच्या घरी जाऊन झोळीत बाळाचे वजन करते, तेव्हा दूरच्या एका विद्यापीठात शिकलेली पद्धत तिच्या हातातून त्या बाळापर्यंत आलेली असते.

उच्च शिक्षणाची हीच कसोटी मला पटते: ते वरून किती खाली उतरले. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची जुनी रीत आहे. तिला ‘डंभा’ म्हणतात. शहरातला माणूस हे ऐकून संतापतो आणि अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. शिकलेला आरोग्यसेवक विचारतो, की पोट फुगलेले बाळ घेऊन ही आई भूमकाकडेच का गेली? दवाखाना किती कोस होता, तेथे तिची कोरकू भाषा कोणाला कळत होती, मागच्या खेपेला तिला कोणी हिडीस-फिडीस केले होते का? विद्येवाचून वैद्यकी करून कोणाला अपाय झाला तर करणारा त्याला जबाबदार आहे, असे हदीसमध्ये आले आहे. भूमकाला हा नियम लावण्याआधी, जेथे आपण विद्या पोहोचूच दिली नाही तेथे त्या जबाबदारीतील आपला वाटा किती, हेही पाहावे लागेल. बाळंतपणात दगावलेली स्त्री शहीद आहे, ही हदीसही आपल्या तोंडी असते. तिच्या घरच्यांचे सांत्वन करताना ती सांगावी. पण जी मरण टाळता आले असते, तिच्याबाबत ती हदीस आपल्या निष्काळजीपणाचे पांघरूण होऊ नये. शहादतचा दर्जा मोठा आहे म्हणून कोणी सेनापती शिपायाला ढालीवाचून रणात पाठवीत नाही.

आता मूळ प्रश्नातील अवघड भागाकडे वळू. शिष्यवृत्ती देताना अट घालावी का? शिकून झाल्यावर इतकी वर्षे चिखलदऱ्यात काम कर, असे लिहून घ्यावे का?

येथे आपल्या फिकहने केलेला एक भेद फार उपयोगी आहे. जकातीत तमलीक आहे, म्हणजे घेणारा त्या रकमेचा पुरा मालक होतो. गरजू विद्यार्थिनीला जकात दिली तर ती तिच्या गरजेपोटी दिली. तिच्यावर नंतर हक्क सांगता येत नाही, सेवेची अट लटकवून तिला बांधता येत नाही आणि उपकाराची आठवण करून देता येत नाही. उपकार बोलून दाखविल्याने दान वाया जाते, हे सूरह बकरामध्ये स्पष्टच आहे. वक्फचे तसे नाही. वक्फ करणारा उद्देश ठरवितो आणि त्या उद्देशाला शरीअत मान देते. कर्ज-ए-हसनाचा प्रकार तिसरा: रक्कम परत येते आणि पुढच्याला मिळते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला शिष्यवृत्ती निधी याच धर्तीवर कर्जरूपाने दिला जातो, आणि त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी एक फ्रेनी कामा या प्रसूतिशास्त्र शिकण्यास गेलेल्या डॉक्टर होत्या, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून माझे मत असे आहे, की जकात विनाअट द्यावी आणि अट घालावयाची असेल तर ती वक्फ वा नफ्ल सदक्याच्या निधीतून घालावी. दोन्ही एकाच थैलीत टाकून वर करारनामा करून घेणे हे शरीअतच्या दृष्टीने सदोष आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. शासनाचा अनुभव आपल्यासमोर आहेच. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेचे बंधपत्र द्यावे लागते आणि वर्षानुवर्षे दंड भरून त्यातून सुटताही येत असे. पैसा असलेला सुटे, नसलेला नाइलाजाने जाई; आणि नाइलाजाने आलेला डॉक्टर बदलीच्या अर्जावर जगतो. बंधपत्राने माणूस गावात आणता येतो, त्याचे मन आणता येत नाही.

मग विद्यार्थिनी मोकळी का? नाही. येथे सूरह तौबाची १२२ वी आयत पाहा. सर्वांनीच मोहिमेवर निघू नये, प्रत्येक समूहातून काहींनी ज्ञानाची समज मिळविण्यासाठी निघावे, आणि मग आपल्या लोकांकडे परतून त्यांना सावध करावे, असा तिचा आशय आहे. आयत दीनच्या ज्ञानाबद्दल आहे, हे खरे. पण तीत विद्येचा जो प्रवास सांगितला आहे, त्याला दोन टोके आहेत: जाणे आणि परतणे. परतण्याची ही अट देणाऱ्याने लादलेली नाही. ती विद्येतच आहे. जी विद्या माता आणि बालकांच्या नावाने शिकली, ती त्यांची अमानत आहे. ती घेऊन कोणी मोठ्या शहरात केवळ श्रीमंतांसाठी दवाखाना थाटला तर त्याच्याविरुद्ध दावा करता येणार नाही, जकात दिली असेल तर परत मागता येणार नाही. पण हिशेब मिटला असे नाही. तो दाता आणि विद्यार्थी यांच्यातला नव्हताच. तो त्या मातेचा आहे, आणि तो कोठे मांडला जाईल हे आपणांस ठाऊक आहे.

येथे परतणे म्हणजे चिखलदऱ्यातच जन्म काढणे असा संकुचित अर्थ मी करीत नाही. अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात बसून मेळघाटातून आलेल्या बाळंतिणीशी नीट बोलणारी परिचारिका परतलेलीच आहे. आशा सेविकांना शिकविणारी, आकडे तपासून कोणत्या गावात मुले जास्त दगावतात हे दाखविणारी, आहाराचा अभ्यास करून कोदो-कुटकीचे मोल पुन्हा पटविणारी, हीही परतलेली आहे.

राहिला एक प्रश्न, जो आपल्या बैठकांत दबक्या आवाजात विचारला जातो. मेळघाटातील माता बहुतांशी कोरकू, गोंड, गवळी समाजाच्या आहेत. आपल्या समाजाचा पैसा त्यांच्यासाठी का? जकातीपुरते बोलायचे तर बहुसंख्य फकीहांच्या मते ती मुस्लिम गरजूंसाठी आहे. ती मर्यादा पाळावी, आणि आपल्या वस्त्यांतील गरजू विद्यार्थिनींची संख्या काही थोडी नाही. पण नफ्ल सदका आणि वक्फ यांचे दार सर्वांना खुले आहे. जे तुमच्याशी लढले नाहीत त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मना करीत नाही, असे सूरह मुम्तहिनामध्ये आले आहे. एक जीव वाचविणे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, या सूरह माइदामधील वचनात त्या जिवाचा धर्म विचारलेला नाही. काहिऱ्यात सुलतान कलावूनने १२८४ साली उभारलेले रुग्णालय वक्फवर चाले आणि तेथे गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना प्रवेश होता. दमास्कसचे वैद्य मुहज्जबुद्दीन दख्वार यांनी तर आपले राहते घर वैद्यकाच्या शाळेसाठी वक्फ केले. १२३० साली ते वारले. त्यांच्या शिष्यांत इब्न नफीस होते, ज्यांनी हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा मार्ग प्रथम नीट सांगितला. ज्या परंपरेत कुर्तुबाच्या अरीब बिन सअदने दहाव्या शतकात गर्भ, गर्भवती आणि नवजात यांच्या संगोपनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्या परंपरेच्या वारसांनी कोरकू मातेसाठी दोन पावले चालावे, यात तिच्यावर उपकार कसला? तान्ह्या बाळाला अजून कोणत्याही समाजाचे नाव नीट चिकटलेले नसते.

शासनाकडेही आपला हक्क मागितलाच पाहिजे. अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद करीत असल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितले; तिच्यासाठी सनदशीर मार्गाने बोलत राहावे. पण ते होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची सवलत फर्ज-ए-किफायामध्ये नाही.

करावयाचे ते मोठे नाही. अचलपूर-परतवाड्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जमातीने, विश्वस्त संस्थेने वा चार-पाच कुटुंबांनी मिळून दरवर्षी एका विद्यार्थिनीचा भार उचलावा. आरंभ एम. एस्सी. नर्सिंगच्या प्रसूती किंवा बालआरोग्य शाखेने करावा, असे मी सुचवीन; वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाइतका खर्च तिला येत नाही आणि वस्तीशी तिचा संबंध अधिक जवळचा असतो. जकातीची रक्कम व वक्फची रक्कम यांचे हिशेब निरनिराळ्या वह्यांत ठेवावेत आणि विद्यार्थिनीला कोणत्या वहीतून मदत मिळते ते आधीच सांगावे. दुसऱ्या वहीतून कोरकू मुलीला मदत मिळावी, कारण तिला मातेची भाषा येते. ही विद्या कोणतेही विद्यापीठ दोन वर्षांत देऊ शकत नाही. निवड करणाऱ्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात. अर्जात गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला यांसोबत एकच प्रश्न जोडावा: आपण पाहिलेल्या एखाद्या बाळंतपणात काय चुकले आणि ते कसे टाळता आले असते? उत्तर मराठीत, उर्दूत वा कोरकूत लिहिण्यास मोकळीक असावी, आणि ज्या मुलींना शिष्यवृत्ती मिळणार नाही त्यांचीही उत्तरे जपून ठेवून ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेऊन द्यावीत.